जपानमध्ये खायचं-प्यायचं कसं: आधी दुकान ओळखायला शिका

जपानला जायचं ठरलं की सल्ले दोन बाजूंनी येतात. घरातले सांगतात थेपले, खाकरे, रेडी टू ईट उपमा सगळं भरून न्या, तिथं आपल्याला चालेल असं काही मिळत नाही. आणि दुसरीकडे इन्स्टावर ती ठरलेली रेस्टॉरंटं सारखी समोर येतात जिथं बाहेर दोन-दोन तास रांग असते आणि रांगेत बहुतेक सगळे टूरिस्टच असतात. मी म्हणेन बॅगेत थोडा सुका खाऊ असू द्या, लहान मुलं किंवा आजी-आजोबा सोबत असतील तर हवाच, पण सगळी ट्रिप त्याच्यावर काढू नका आणि त्या फेमस दुकानांच्या मागे दिवसही घालवू नका. तिथं स्टेशनजवळचं साधं दुकानसुद्धा आपलं काम मन लावून करतं, त्यामुळे चांगलं खाण्यासाठी फार पैसे किंवा भाषा लागत नाही. लागतं ते एवढंच की समोरचं दुकान कुठल्या प्रकारचं आहे ते ओळखता आलं पाहिजे.

कारण तिथली बरीच दुकानं एकच पदार्थ करतात. रामेनवाला रामेनच करतो (रश्शातल्या नूडल्स), सोबावाला सोबा (कुट्टूच्या पिठाच्या नूडल्स), तोंकात्सुवाला तोंकात्सु (डुकराच्या मांसाचं तळलेलं कटलेट), उनागीवाला फक्त ईल मासा. एकाच मेनूत डोसा, पिझ्झा आणि नूडल्स असा प्रकार सहसा नाही (फॅमिली रेस्टॉरंट नावाच्या चेन असतात, तिथं सगळं मिळतं, मुलं कंटाळली की त्या कामाला येतात). आणि प्रत्येक प्रकारच्या दुकानाची रीत ठरलेली असते, ऑर्डर कुठं द्यायची, पैसे आधी की नंतर, किती वेळ बसायचं. ती रीत एकदा टोक्योत कळली की ओसाका, फुकुओका, साप्पोरो सगळीकडे थोड्याफार फरकानं तीच चालते.

आधी दिवसाचा हिशोब बघू, कारण बऱ्याच जणांची उपासमार होते ती वेळ चुकल्यामुळे. दुपारचं जेवण साधारण साडेअकरा ते दोन. दोननंतर खूप दुकानं बंद होतात आणि थेट पाचच्या सुमाराला उघडतात, त्यामुळे देऊळ बघून तीन वाजता भूक लागली की हाताशी कॅफे किंवा चेनची दुकानंच उरतात. आणि दुपारचं जेवण स्वस्त असतं, हे फार महत्त्वाचं आहे. जे दुकान रात्री चार-पाच हजार येन घेईल तेच दुपारी हजार-दीड हजारात तेइशोकु देतं, म्हणजे भात, मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट) घातलेलं सूप, लोणचं आणि एक मुख्य पदार्थ असं ताट. बाहेर पाटीवर ‘हिगावारी’ दिसलं तर ते त्या दिवसाचं खास ताट, डोळे झाकून घ्या. म्हणून मोठं जेवण दुपारी, साडेअकराला दारात उभं राहून, आणि रात्री हलकं किंवा इझाकाया (पिण्यासोबत थोडं थोडं खायचं दुकान) असं ठेवलं की पैसेही वाचतात आणि रांगही टळते.

सकाळी बहुतेक लोक कोनबिनीत जातात, म्हणजे सेव्हन-इलेव्हन, फॅमिलीमार्ट, लॉसन अशा चेनच्या छोट्या दुकानांत. तिथलं अंड्याचं सँडविच आणि ओनिगिरी (नोरी नावाच्या समुद्री शेवाळात गुंडाळलेला भाताचा गोळा) दोन्ही खरंच चांगलं असतं. ओनिगिरीच्या कागदावर १, २, ३ लिहिलेलं असतं, १ ची पट्टी मधून खाली पूर्ण ओढायची, मग २ आणि ३ चे कोपरे बाजूला खेचायचे, असं केलं तरच नोरीचा कुरकुरीत कागद भाताला नीट लागतो, नाहीतर अर्धी नोरी प्लॅस्टिकमध्येच राहते. काउंटरवर ‘आतातामे...’ असं काहीतरी कानावर आलं तर ते गरम करून देऊ का विचारतायत, मान हलवा. मात्र तुम्ही नागोयात असाल तर सकाळी कोनबिनीत जाऊच नका, तिथं जुन्या कॉफी हाउसमध्ये, त्यांना किस्सातेन म्हणतात, सकाळी नुसती कॉफी मागवली तरी सोबत टोस्ट आणि उकडलेलं अंडं त्याच पैशात येतं, त्याला ‘मॉर्निंग’ म्हणतात. टोस्टवर लोणी आणि गोड अझुकी (एक लाल कडधान्य) लावलेला ओगुरा टोस्ट तिथंच खाऊन बघा.

आता मशीनवाली दुकानं. रामेन, ग्यूदोन (भातावर गोमांस), उभ्यानं खायचा सोबा, अशा ठिकाणी दारातच एक बटणांचं मशीन असतं. आत जाऊन बसायचं नाही, आधी मशीनमध्ये पैसे टाकायचे, बटण दाबायचं, चिठ्ठी येते ती काउंटरवर ठेवायची. नवीन मशीनवर इंग्रजी असतं, जुन्यावर नुसती जपानी अक्षरं. अशा वेळी वरचं डाव्या कोपऱ्यातलं बटण दाबावं, बऱ्याचदा दुकानाचा मुख्य पदार्थ तिथंच असतो. फोनचा कॅमेरा ट्रान्सलेटरही चालतो पण मागे रांग लागली असेल तर बाहेरच्या फोटोवरून आधीच ठरवून या. हजार येनच्या नोटा जवळ ठेवा, जुनी मशीन कार्ड घेत नाहीत, मोठी नोटही घेत नाहीत. टिप कुठंच द्यायची नाही, टेबलावर पैसे ठेवून निघालात तर माणूस ते परत द्यायला रस्त्यापर्यंत पळत येईल.

रामेनमध्ये चार नावं लक्षात ठेवा: शोयू म्हणजे सोया सॉसवाला, शिओ म्हणजे मिठाचा आणि सगळ्यात हलका, मिसो जो साप्पोरोकडचा आणि थंडीत बरा वाटतो, आणि तोंकोत्सु म्हणजे डुकराची हाडं तासन् तास उकळून केलेला दाट पांढरट रस्सा, तो फुकुओकातल्या हाकाताचा. हाकाताच्या दुकानात नूडल्स किती कडक हव्यात ते विचारतात, ‘काता’ म्हणजे कडक, ‘फुत्सू’ म्हणजे नेहमीच्या. तिथल्या नूडल्स बारीक असतात आणि पटकन मऊ पडतात म्हणून एका वेळी कमी देतात आणि संपल्या की ‘काएदामा’ म्हणून थोड्या पैशात नुसत्या नूडल्स पुन्हा मागवायच्या, रस्सा मात्र तोच, त्यामुळे पहिल्या फेरीत सगळा रस्सा पिऊन टाकू नका. सुर्र आवाज करून ओढायच्या, त्यात काही वाईट दिसत नाही, हवेसोबत वासही तोंडात येतो. आणि खाऊन झालं की उठायचं, बाहेर माणसं उभी असतात, रामेनच्या दुकानात गप्पा मारत बसत नाहीत.

आता आपल्यातल्या शाकाहारी लोकांसाठी, आणि इथं मी जरा सविस्तर लिहितो कारण यावर अर्धवट माहिती फार फिरते. जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे दाशी. हे एक पातळ पाणी असतं, कोंबू नावाचं समुद्री शेवाळ आणि कात्सुओ माशाचे धुरी देऊन वाळवलेले, लाकडासारखे कडक तुकडे किसून त्यात भिजवून काढलेलं. ते मिसो सूपमध्ये असतं, उदोन (गव्हाच्या जाड नूडल्स) आणि सोबाच्या रश्शात असतं, तेंपुराच्या (भज्यांसारखा तळलेला प्रकार) सॉसमध्ये असतं, अंड्याच्या रोलमध्ये, उकडलेल्या पालकावर, वांग्यावर, सगळीकडे. त्यामुळे ‘यात मांस आहे का’ असं विचारलं तर समोरचा माणूस अगदी प्रामाणिकपणे नाही म्हणतो, कारण त्याच्या डोक्यात दाशी म्हणजे मांस नाही आणि मासासुद्धा नाही, ती फक्त चव आहे. अॅलर्जीचा तक्ता दाखवतात त्यात अंडं, दूध, कोळंबी, खेकडा असतं पण कात्सुओ नसतो, त्यामुळे त्या तक्त्यावरही विसंबू नका.

म्हणून आधी घरातच ठरवा की तुमची रेषा कुठं आहे. दिसणारा तुकडा नको पण दाशी चालेल, असं असेल तर जपान एकदम सोपं होतं, उदोन, सोबा, तोफू, भाज्यांचा तेंपुरा सगळं उघडं. दाशी अजिबात नको असेल तर थोडी तयारी लागते. फोनवर जपानीत एक चिठ्ठी करून ठेवा, मांस नाही, मासा नाही, कात्सुओची दाशी नाही, अंडं-दुधाचं जे असेल ते, आणि ऑर्डर द्यायच्या आधी दाखवा. तोंडी म्हणायचं तर ‘निकु तो साकाना वा ताबेमासेन, कात्सुओ-दाशी मो दामे देस’. छोट्या दुकानात चिठ्ठी वाचून ते हात जोडून सॉरी म्हणतील, ते मनावर घेऊ नका, त्यांचा रस्सा सकाळीच तयार झालेला असतो आणि तुमच्यासाठी तो बदलता येत नाही. खोटं सांगून खायला घालण्यापेक्षा ते नाही म्हणतात हे चांगलंच आहे.

मग खायचं काय? तेंपुराच्या दुकानात सॉसऐवजी मीठ मागा, ‘शिओ दे’ म्हणा, रताळं, भोपळा, कमळकाकडी, शिसोचं पान मिठासोबत उलट जास्त छान लागतं (तेल मात्र बहुतेक तेच असतं, कोळंबीचं, हे चालत नसेल तर सोडा). सुशीच्या दुकानात काप्पामाकी म्हणजे काकडीचा रोल, लोणच्याचा ओशिंकोमाकी, आणि हिंमत असेल तर नात्तोचा, म्हणजे आंबवलेल्या चिकट सोयाबीनचा. कोको इचिबान्या नावाची करीची चेन आहे, तिच्या काही शाखांत व्हेजिटेरियन करी वेगळी मिळते, तिखटपणाचा आकडा निवडता येतो, थकलेल्या दिवशी तिथं जाऊन बरं वाटतं. टोक्यो स्टेशनात गेटच्या आत टीज तानतान आहे, तिथलं रामेन पूर्ण व्हेगन आणि तिळाच्या कुटाचा रस्सा इतका भरलेला असतो की मांसाहारी लोकही रांगेत असतात. कोनबिनीत नुसत्या मिठाची ओनिगिरी, एदामामे (कोवळ्या सोयाबीनच्या शेंगा), दही, फळं, ब्रेड, आणि थंडीत सुपरमार्केटच्या दारात भाजलेलं रताळं, याकी-इमो, ते तर मी शाकाहारी नसलेल्यांनाही आग्रहानं सांगतो. उमेबोशी (खारवलेलं आंबट फळ) आणि कोंबूची ओनिगिरी शाकाहारी असेल असं वाटतं पण काहींमध्ये कात्सुओचा अर्क असतो, तेवढं कॅमेऱ्यानं वाचून घ्या.

पण शाकाहारी माणसानं खरं जपानी जेवण जेवायचं तर कोयासानला जावं. ओसाकाच्या नांबाहून नानकाईची ट्रेन, मग केबल कार, वर डोंगरावर देवळांचं गावच आहे, ९ व्या शतकात कूकाई नावाच्या भिक्षूनं वसवलेलं, आणि पन्नासच्या आसपास देवळांमध्ये राहायची सोय आहे. तिथं शोजिन र्‍योरी देतात, बौद्ध मठातलं जेवण. दाशी कोंबू आणि शिताके मशरूमची, मांस-मासा नाही, आणि कांदा-लसूणसुद्धा परंपरेनं वर्ज्य, त्यामुळे आपल्याकडच्या कांदा-लसूण न खाणाऱ्यांना हे जेवण फार सोयीचं पडतं, फक्त जैन पद्धतीनं कंदमुळं टाळणाऱ्यांनी बुकिंग करतानाच कळवा. तिळाचा गोमादोफू, गोठवून वाळवलेला कोयादोफू, एकेक वाटी इतकी विचार करून केलेली असते की चमच्याचमच्यानं खावं वाटतं. जेवण संध्याकाळी साडेपाच-सहालाच असतं, उशिरा पोचलात तर मिळणार नाही, दिवसाउजेडी वर या.

जे मांस खातात पण गोमांस किंवा डुक्कर टाळतात त्यांनाही चार शब्द हवेतच: ग्यू म्हणजे गोमांस, बुता म्हणजे डुक्कर, तोरी म्हणजे कोंबडी, साकाना म्हणजे मासा. ग्यूदोन गोमांसाचा. ग्योझात (मोमोसारखा प्रकार) बहुतेक वेळा डुक्कर. हांबागु नावाचा खिम्याचा पदार्थ खूप ठिकाणी दोन्ही मिसळून करतात. तयार करीच्या सॉसमध्ये गोमांसाची किंवा डुकराची चरबी असू शकते, त्यामुळे ‘व्हेजिटेबल करी’ नाव बघून फसू नका. आणि ओसाका-क्योतोकडे नुसतं ‘निकु’ लिहिलं असेल तर ते गोमांस धरा, निकु-उदोन म्हणजे तिथं गोमांसाचा उदोन.

अगदीच डाळभाताची आठवण आली तर टोक्योत निशि-कासाईला जा, एडोगावा वॉर्डात, तिथं भारतीय कुटुंबं खूप राहतात, किराणा मिळतो, हॉटेलं आहेत, २०१९ मध्ये तिथल्या वॉर्डाच्या सभेवर निवडून आलेले योगेंद्र पुराणिक आपले मराठीच. आणि शिंजुकूच्या नाकामुराया दुकानात चिकन करी मिळते ती १९२७ सालापासूनची आहे, क्रांतिकारक रासबिहारी बोस ब्रिटिशांपासून लपून या नाकामुरायाच्या मालकांच्या आश्रयाला राहिले, पुढे त्यांच्या घरचे जावई झाले आणि त्यांनी ही करी तिथं सुरू करवली. चवीसाठी नाही तरी या गोष्टीसाठी एकदा जावंच.

सोबाच्या दुकानात उन्हाळ्यात थंड झारु सोबा घ्या, बांबूच्या जाळीवर नूडल्स आणि बाजूला बुडवायला सॉस. शेवटी एका भांड्यात गढूळ गरम पाणी आणून ठेवतात, ते सोबायू, सोबा उकडलेलं पाणी. उरलेल्या सॉसमध्ये ओतून प्यायचं असतं. बरेच लोक ते तसंच ठेवून उठतात तेव्हा मला फार वाईट वाटतं. स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर उभ्यानं खायचा सोबा पाचशे येनच्या आसपास मिळतो आणि पाच मिनिटांत होतो, ऑफिसला जाणारे लोक कसे खातात ते बघायला मिळतं.

सुशी म्हटलं की लोक खर्चाला घाबरतात. फिरत्या पट्ट्यावरची, काइतेन सुशी, सुरूच झाली ती साध्या माणसाला परवडावी म्हणून, १९५८ मध्ये ओसाकाजवळ योशिआकी शिराइशी यांनी, बिअरच्या कारखान्यातला बाटल्यांचा पट्टा बघून त्यांना ते सुचलं. आज सुशीरो, कुरा, हामा अशा चेनमध्ये टॅबलेटवर इंग्रजीत ऑर्डर करता येते आणि प्लेट थेट तुमच्यासमोर येऊन थांबते. टेबलावर एक नळ असतो त्यातून उकळतं पाणी येतं, ते हिरव्या चहासाठी, हात धुवायला जाऊ नका, भाजेल. चहाची पावडर डब्यात असते, कपात थोडी टाकून नळ दाबायचा. चेनमध्ये वासाबी बऱ्याचदा वेगळी पुडीत असते, बाकी ठिकाणी नको असेल तर ‘साबि-नुकी’ म्हणायचं. सॉसमध्ये भात बुडवायचा नाही, माशाची बाजू लावायची, नाहीतर भात सुटतो आणि सगळं खारट होतं. हातानं खाल्लं तरी चालतं. कच्च्याची सवय नसेल तर भाजलेला सामन, अंड्याची तामागो, उकडलेली कोळंबी यापासून सुरुवात करा. आणि बाजारात खायचं असेल तर टोक्योचं मोठं मासळी मार्केट २०१८ मध्ये तोयोसूला गेलं, पण जुन्या जागेतली, म्हणजे त्सुकिजीतली, बाहेरची दुकानं अजून तिथंच आहेत, सकाळी आठच्या आत जा, दहानंतर पाय ठेवायला जागा नसते.

रात्र झाली की इझाकाया. जेवणापेक्षा पिणं आणि सोबत थोडं थोडं खाणं असा हा प्रकार, आणि जपानी माणूस मोकळा बोलतो तो इथंच. बसल्यावर ओला टॉवेल येतो, त्यानं हात पुसायचे. मग न मागवता एक छोटी वाटी येते, भाजी किंवा मासा काहीतरी, ती ओतोशी, ओसाकाकडे त्सुकिदाशी, आणि बिलात माणशी तीनशे ते पाचशे येन लागतात. परदेशी लोक यावरून भांडतात, भांडू नका, ती बसण्याची फी आहे असं समजा. पहिलं ड्रिंक लगेच मागवायचं असतं, बहुतेक सगळे ‘तोरिआएझु नामा’ म्हणतात, आधी एक ड्राफ्ट बिअर, मग निवांत मेनू. सगळ्यांची ग्लासं आल्याशिवाय कुणी पीत नाही, कांपाइ, म्हणजे चीअर्स, झालं की सुरू. बाटली असेल तर स्वतःच्या ग्लासात स्वतः ओतत नाहीत, शेजाऱ्याचं भरायचं, तो तुमचं भरतो. दारू न पिणाऱ्यांनी उलाँग चहा मागवावा, कुणी काही म्हणत नाही. वेटरला बोलवायला टेबलावर बटण असतं, नसेल तर मोठ्यानं ‘सुमिमासेन’, हळू म्हटलंत तर रात्रभर कुणी येणार नाही. बिलासाठी दोन बोटांची फुली दाखवली तरी कळतं.

मागवायचं काय, तर एदामामे, थंड तोफू म्हणजे हियायाक्को, तळलेलं चिकन कारागे, आणि याकितोरी. याकितोरीला ‘तारे की शिओ’ विचारतात, गोड सॉस की मीठ, चांगल्या दुकानात मीठ घ्या म्हणजे कोंबडीची चव कळते. ओसाकात कुशिकात्सुच्या दुकानात सॉसचं भांडं सगळ्यांचं मिळून एक असेल तर काडी एकदाच बुडवायची, चावल्यावर पुन्हा नाही. नोमिहोदाइ म्हणजे ठरावीक वेळ हवं तेवढं पिणं, दोन तासांचं असतं आणि शेवटची ऑर्डर अर्धा तास आधी घेतात, दोन ड्रिंक पिणाऱ्याला ते परवडत नाही. छोट्या जुन्या इझाकायात अजून सिगारेट चालते, मुलं सोबत असतील तर दार उघडून वास घ्या आणि ठरवा. पिण्याचं वय २० आहे. आणि रात्री दारूचा डबा घेऊन रस्त्यावर फिरायचं असेल तर टोक्योतल्या शिबुयात नको, तिथं ऑक्टोबर २०२४ पासून संध्याकाळी ६ ते पहाटे ५ रस्त्यावर पिण्याला बाराही महिने बंदी आहे.

साके. तिथं निहोनशु म्हणायचं, कारण साके म्हणजे कुठलीही दारू. तांदळापासून आंबवून केलेली, साधारण १५-१६ टक्के अल्कोहोल, म्हणजे वाइनपेक्षा थोडी कडक, एका घोटात मारायची नाही. मेनूवर गोंधळू नका, तांदूळ किती घासला यावर बरंच अवलंबून असतं. दाणा घासून ६० टक्के किंवा कमी उरला तर गिंजो, ५० टक्के किंवा कमी उरला तर दाइगिंजो, आणि वरून अल्कोहोल घातलेलं नसेल तर जुनमाइ. गिंजो-दाइगिंजो फळांसारख्या वासाच्या, त्या थंड प्याव्यात. साधी जुनमाइ थंडीत गरम करून मागवा, आत्सुकान, माशासोबत ती दाइगिंजोपेक्षाही जास्त जमते आणि स्वस्त पडते, माझी पसंती कायम तिलाच. ‘काराकुची’ म्हणजे कोरडी, ‘आमाकुची’ म्हणजे गोडसर, एवढं सांगितलं तरी दुकानदार नीट देतो. लाकडी चौकोनी मासूत ग्लास ठेवून ओसंडेपर्यंत ओततात, तेव्हा आधी ग्लासातली थोडी प्यायची आणि मग मासूतली ग्लासात घ्यायची. प्रत्येक पेल्यासोबत तेवढंच पाणी प्या, जपानी लोकही पितात.

चाखायला जायचं तर क्योतोतलं फुशिमी, तिथं १६३७ सालची गेक्केइकान आहे, तिचं म्युझियम छान आहे. कोबेचं नादा, तिथं हाकुत्सुरूचं म्युझियम. हिरोशिमाजवळचं साइजो, स्टेशनवरून उतरून पायी फिरत एकामागून एक साकेच्या ब्रुअरी बघता येतात, गाडी चालवायची गरज नाही, आणि ते बरंच आहे कारण दारू पिऊन गाडी चालवण्याला तिथं फार कडक शिक्षा आहे, सोबत बसलेल्यालाही. दारावर देवदारासारख्या झाडाच्या पानांचा मोठा गोळा टांगलेला दिसला की तिथं साके बनते, गोळा हिरवागार असेल तर नवी साके आलीय. निइगाताच्या एचिगो-युझावा स्टेशनात पोंशुकान आहे, भिंतभर मशीन, टोकन घ्यायची आणि प्रांतातल्या वेगवेगळ्या साके छोट्या कपात चाखायच्या, सोबत मीठ आणि काकडी, शिंकान्सेनच्या (बुलेट ट्रेनच्या) आधी तासभर हाताशी असेल तर चुकवू नका. साके नको असेल तर कागोशिमाचं रताळ्याचं शोचू (उर्ध्वपातित दारू) गरम पाण्यात, किंवा गोड हवं असेल तर उमेशु (उमे फळाची दारू) सोड्यासोबत.

गोडाचं सांगायचं तर आनको, अझुकीचं गोड सारण, आपल्या पुरणाच्या जवळचं आहे, म्हणून दाइफुकु, ताइयाकी, दोरायाकी आपल्या घरच्या मोठ्या माणसांना पहिल्या घासात आवडतात. माचा प्यायला बसलात तर मिठाई आधी खायची आणि मग माचा, कडूपणा त्यामुळे गोड वाटतो. व्हेंडिंग मशीनवर लाल पट्टी म्हणजे गरम, निळी म्हणजे थंड, बाटलीतला हिरवा चहा बिनसाखरेचाच असतो, आणि मुलांसाठी मुगिचा, जवाचा, त्यात कॅफीन नाही. नळाचं पाणी पिता येतं, बाटल्यांवर पैसे घालवू नका.

संध्याकाळी मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरात, देपाचिकात, बंद व्हायच्या तासभर आधी जा, बेंतो (जेवणाचे डबे) आणि सुशीवर सवलतीचे स्टिकर लागतात. घेऊन जायचं अन्न ८ टक्के टॅक्सचं, तिथंच बसून खाल्लं तर १० टक्के, म्हणून दुकानात इथं खाणार की नेणार ते विचारतात. लांबच्या ट्रेनसाठी एकीबेन, म्हणजे स्टेशनवर मिळणारा बेंतो, स्टेशनातूनच घ्या, तोकाइदो शिंकान्सेनमधली ट्रॉली ऑक्टोबर २०२३ ला बंद झाली, साध्या डब्यात चढल्यावर काही मिळणार नाही. शिंकान्सेनमध्ये खायला चालतं, शहरातल्या लोकलमध्ये नाही. चालता चालता खात नाहीत, दुकानासमोरच उभं राहून संपवा आणि कचरा तिथंच द्या, रस्त्यात डबे जवळजवळ नसतात, एक पिशवी जवळ ठेवा. चॉपस्टिक भातात उभ्या खोचू नका आणि एकाच्या चॉपस्टिकमधून दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये काही देऊ नका, दोन्ही अंत्यविधीशी जोडलेलं आहे. भाताची वाटी डाव्या हातात उचलून खायची, वाकून खात नाहीत. निघताना ‘गोचिसोसामा देश्ता’ म्हणा, मालक आतून मान लववतो.

घरी न्यायला मोची, दाइफुकु असलं ताजं काही घेऊ नका, थोड्याच दिवसांत कडक होतं. योकान घ्या, अझुकी, साखर आणि आगर एवढंच असतं त्यात, शाकाहारी आहे, महिनोन् महिने टिकतं आणि आजी-आजोबांना चहासोबत आवडतं. साकेची बाटली ७२० मिलीची घ्या, भारतात माणशी २ लिटरपर्यंत दारू ड्युटीशिवाय आणता येते म्हणजे दोन बाटल्या आरामात बसतात, पण लेबलवर ‘नामाझाके’ (पाश्चराइझ न केलेली साके) असेल तर सोडा, ती फ्रिजमध्येच ठेवावी लागते, ती तिथंच प्या.